पूर्णपणे कौटुंबिक

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत डुलकी लागू देऊ नये. मला लागली. जाग आली ती टाळ्यांनी, आणि टाळ्या माझ्यासाठीच होत्या. मी सांस्कृतिक समितीचा निमंत्रक झालो होतो.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी क्लब हाऊसमध्ये पडदा लावून चित्रपट दाखवतात. माझ्या आधीच्या निमंत्रकाची गच्छंती ज्या चित्रपटामुळे झाली तो मराठीच होता, नवा होता, आणि त्यात मध्यंतराच्या आधी असं काही घडलं की पहिल्या रांगेतल्या आज्यांनी नातवंडांचे डोळे झाकले. स्वतःचे उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी तक्रारीही त्यांनीच केल्या. त्यामुळे अध्यक्षांनी मला बोलावून बजावलं, "हे बघा, यापुढे चित्रपट पूर्णपणे कौटुंबिक हवा. जबाबदारी तुमची."

माझी सगळी नोकरी बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. छापील नियम दिसला की मला बरं वाटतं. म्हणून मी जगातले सर्वांत सोवळे चित्रपट कुठले याचा शोध घेतला आणि थेट हॉलिवुडला पोचलो. तिथल्या निर्मात्यांनी 1930 साली स्वतःहून एक आचारसंहिता स्वीकारली होती. मसुदा लिहिणाऱ्यांत एक जेझुइट पाद्री होता. पहिली चार वर्षं ती कुणी मनावर घेतली नाही. 1934 च्या मध्यात जोसेफ ब्रीन नावाचे कडक गृहस्थ खुर्चीत बसले आणि त्यांच्या शिक्क्याशिवाय मोठ्या थिएटरांत चित्रपट लागेनासा झाला. चुंबन लांबवायचं नाही. व्यभिचार मोहक दाखवायचा नाही. पाप्याला शिक्षा झालीच पाहिजे. आणि एक कलम असं, की लैंगिक विकृतीची नुसती सूचनाही पडद्यावर नको. पुरुषाचं पुरुषावर किंवा बाईचं बाईवर प्रेम असणं त्या काळी या कलमात मोडायचं. हा कारभार 1968 पर्यंत चालला. वाचून मी मांडीवर थाप मारली. आपलं काम तिकडच्या पाद्र्यांनी आधीच करून ठेवलं होतं!

सोसायटीच्या ग्रुपवर मी सूचना टाकली: 'जुने हॉलिवुड विनोदी प्रेमपट. अमेरिकेतच तपासून आलेले. पूर्णपणे कौटुंबिक.' माझ्या पहिल्या शनिवारी चित्रपटाआधी माईक हातात घेऊन ते कलम मी मोठ्यानं वाचूनही दाखवलं. अध्यक्षांनी मान डोलावली. लॅपटॉप सांभाळायला माझी भाची आली होती. ती चित्रपट संकलनाचं काम करते. तिनं मान डोलावली नाही. तिनं विचारलं, "मामा, तू चित्रपट पाहिलायस ना?"

"1938 चा आहे," मी म्हणालो. हे मला पुरेसं उत्तर वाटलं होतं.

चित्रपट होता हॉवर्ड हॉक्सचा 'ब्रिंगिंग अप बेबी'. कॅरी ग्रांट हा डायनासोरचा सांगाडा जुळवणारा भिडस्त प्राध्यापक, कॅथरिन हेपबर्न ही त्याच्या मागे लागलेली श्रीमंत वेडी मुलगी, आणि बेबी हा बिबट्या. सबटायटल्स इंग्रजी, आणि ज्येष्ठ मंडळी ती वाचेपर्यंत हेपबर्न पुढच्या तीन वाक्यांवर गेलेली. तेव्हा गणपतीत आरतीसाठी वापरतो तो कॉर्डलेस माईक घेऊन मी जागच्या जागी मराठी करून सांगत होतो. बिबट्यापर्यंत उत्तम चाललं. मग प्राध्यापक आंघोळीला गेला. हेपबर्ननं त्याचे कपडे धुलाईला पाठवून दिले. बाहेर येताना त्याला एकच वस्त्र सापडलं, हेपबर्नचा झिरझिरीत, गळ्याला आणि बाह्यांना पिसांची झालर लावलेला गाऊन. तो घालून तो दार उघडतो. दारात नायिकेची आत्या. ती विचारते, हे काय घातलंय? आणि ग्रांट हवेत उंच उडी मारून ओरडतो की मी अचानक गे झालोय!

हे वाक्य पटकथेत नव्हतं, ग्रांटनं आयत्या वेळी घातलं असं सांगतात. 1938 मध्ये त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना तोच लागत होता का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. आमच्या क्लब हाऊसमध्ये वाद झाला नाही. मी माईकवर "प्राध्यापक फार आनंदात आहेत" असं भाषांतर केलं आणि मागून नववीतल्या एका मुलानं ते दुरुस्त केलं.

सोमवारी समितीची बैठक लागली. इतिवृत्त लिहिणं निमंत्रकाकडे. बैठक पाऊण तास चालली आणि त्यात आक्षेप कशावर आहे ते एकदाही कुणी उच्चारलं नाही. "ते जे आहे ते," अध्यक्ष म्हणाले. "त्या अंगानं," खजिनदार म्हणाले. "आपल्याकडे तसलं काही नाही, म्हणून म्हणायचं," सचिव म्हणाले. मी लिहिलं: 'चित्रपटातील काही बाबींच्या अनुषंगाने सविस्तर चर्चा झाली.' सगळ्यांनी सह्या केल्या. भाचीला हे इतिवृत्त दाखवलं तर ती खो खो हसली. म्हणाली, "मामा, तुला हॉलिवुडमध्ये नोकरी मिळाली असती."

तिचं म्हणणं मला कळायला थोडा वेळ लागला, पण माझ्याच धंद्यातून कळलं. बँकेत एखादी रक्कम कुठल्याच खात्यात टाकता येत नसली की ती सस्पेन्समध्ये, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उचंत खात्यात, जाते. बाकीच्या खात्यांचे नियम जितके कडक, तितकं उचंत खातं फुगतं. इन्स्पेक्शनला गेलं की आम्ही तेच आधी उघडायचो. ब्रीनसाहेबांनी सगळी खाती बंद केली, पण माणसं तर तीच होती. लेखक होते, नट होते, नृत्यं बसवणारे होते, कपडे शिवणारे होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं खरं आयुष्य त्या कलमात बसणारं होतं. ते गेलं कुठे? नायकाच्या मित्रात गेलं, बटलरमध्ये गेलं, हॉटेलच्या मॅनेजरमध्ये आणि शिंप्यात गेलं. विनोदी प्रेमपटात तर फारच, कारण नायक-नायिकेला शेवटच्या रिळापर्यंत एकमेकांपासून लांब ठेवायचं असतं, आणि तेवढा वेळ भरायला कुणीतरी लागतं.

मी मात्र इतक्यात हार मानणार नव्हतो. पुढच्या महिन्याला 'टॉप हॅट' लावला. 1935, फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स, नाच, गाणी, पांढरेशुभ्र सेट. यात काय होणार? (अस्टेअर-रॉजर्सच्या आदल्या वर्षीच्या चित्रपटाचं नावसुद्धा शिक्केवाल्यांनी बदलायला लावलं होतं. मूळ नाटकाच्या नावात घटस्फोट आनंदी होता. तो आनंदी असू शकत नाही, घटस्फोटिता असू शकते, असा निवाडा झाला. असल्या माणसांवर मी विसंबलो होतो.) नाच बघून सगळे खूश. पण आमच्या बी विंगमधल्या ऐंशी पार केलेल्या आजी नाचाकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष होतं नायकाच्या मित्राकडे आणि त्याच्या नोकराकडे. मित्र म्हणजे एडवर्ड एव्हरेट हॉर्टन, सदा गोंधळलेला, ओठ मुडपणारा. नोकर म्हणजे एरिक ब्लोअर, जो स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणतो. या दोघांचा अबोला चाललाय, आणि तो कशावरून, तर बो टाय कुठल्या पद्धतीचा बांधावा यावरून.

मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता आजींनी विचारलं, "या मालकाचं लग्न झालंय ना हो?"

"झालंय, आजी."

"बायको कुठाय?"

"इटलीत."

"मग बरोबर आहे," आजी म्हणाल्या आणि दुसरा वडा घेतला.

आजींच्या सासूबाईंनी बालगंधर्वांची 'एकच प्याला'मधली सिंधू पाहिली होती, आणि तिच्यासारखं नेसायला त्या घरी आरशापुढे शिकल्या होत्या. पुरुषाकडून बाईपण शिकलेल्या घरातली सून. एका नोकराच्या रुसव्यानं ती दचकणार नव्हती. दचकलो होतो मी. अध्यक्षांना बाकी काहीच जाणवलं नाही. त्यांनी 'फारच सुसंस्कृत चित्रपट' असा शेरा दिला.

यानंतर माझं डोकं फिरलं हे मान्य करायला हवं. भाचीनं व्हिटो रूसो या अमेरिकन लेखकाचं 'द सेल्युलॉइड क्लोझेट' हे 1981 चं पुस्तक वाचायला दिलं. हॉलिवुडनं समलिंगी माणसांना कसं दाखवलं, लपवलं, हसण्यावारी नेलं आणि शेवटी बहुतेकदा मारून टाकलं, याचा तो मोठा हिशोब. इन्स्पेक्शनचा माणूस आणि हातात असं पुस्तक! मला सगळीकडे उचंत खाती दिसायला लागली. रात्रीच्या मालिकेतल्या दोन जावा एकमेकींकडे जरा जास्तच वेळ बघतात. बागेतल्या बाकावरचे दोन निवृत्त मास्तर रोज एकच वर्तमानपत्र घेतात. अध्यक्ष आणि खजिनदार लिफ्टच्या देखभालीवरून सतत भांडतात, आणि भांडायला रोज संध्याकाळी एकमेकांकडेच जातात. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुला चष्मा बदलायला हवा. आणि हे खाली जाऊन बोलू नकोस." मी बोललो नाही, पण लिफ्टमध्ये त्या दोघांकडे बघून मी जे हसलो त्याचा खुलासा मला नंतर द्यावा लागला.

शहाणपण यायचं होतं ते 'माय फेव्हरिट वाइफ'च्या निमित्तानं. 1940 चा हा चित्रपट. ग्रांटची बायको जहाज बुडून नाहीशी झालेली, सात वर्षांनी परत येते, आणि कळतं की ही सात वर्षं ती निर्जन बेटावर एका पुरुषाबरोबर होती. ग्रांट त्या पुरुषाला बघायला क्लबच्या पोहण्याच्या तलावावर जातो. तो पुरुष म्हणजे रँडॉल्फ स्कॉट. उंच फळीवरून सूर मारतो, आणि ग्रांट बघतच राहतो. मत्सरानं, असं कथा म्हणते. पण नंतर ऑफिसात बसलेल्या ग्रांटच्या डोळ्यांपुढे बायको येत नाही, हाच येतो. आता खरी गोष्ट अशी की ग्रांट आणि स्कॉट हे दोघे 1930 च्या दशकात काही वर्षं खरोखर एका घरात राहत होते. सिनेमासिकांनी त्यांचे एकत्र जेवतानाचे, पोहतानाचे फोटो छापले होते आणि खाली लिहिलं होतं की हॉलिवुडमधले दोन सडेफटिंग मित्र, भाडं वाटून घेतात. ग्रांटनं पुढे एकूण पाच लग्नं केली. त्या घरात मैत्री होती की मैत्रीहून जास्त काही, यावर चरित्रकार आजही भांडतात, आणि ग्रांटच्या मुलीला तर ती सगळी चर्चाच मान्य नाही. छायाचित्रं मात्र आहेत, आणि पोहण्याच्या तलावाचा तो प्रसंगही आहे. प्रेक्षकांपैकी ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी तो तेव्हाच घेतला.

हे सगळं मी त्या शनिवारी प्रास्ताविकात सांगितलं. जरा रंगवूनच. "भाडं वाटून घेतात" या वाक्यावर मी डोळाही मिचकावला. क्लब हाऊसमध्ये कुणी हसलं नाही. शेवटच्या रांगेत सी विंगचे दोघे बसले होते. पन्नाशीचे. आमच्या सोसायटीत आले तेव्हापासून एकाच फ्लॅटमध्ये राहतात. दिवाळीचं ताट त्यांच्याकडे एकच जातं आणि तेही एकच परत येतं, भरून. देखभाल शुल्क दर महिन्याच्या एक तारखेला भरणारे सगळ्या सोसायटीत हे दोघेच, आणि अध्यक्ष इतर थकबाकीदारांना त्यांचं उदाहरण देतात. "कोण, सी विंगचे? मित्र आहेत ते," असं अध्यक्षच नव्या सभासदांना सांगतात, आणि विषय पार्किंगवर नेतात. माझा डोळा मिचकावून झाला तेव्हा त्यांच्यापैकी एकानं माझ्याकडे अगदी शांतपणे पाहिलं. मी माईक भाचीकडे दिला आणि प्रोजेक्टरची वायर तपासायला गेलो. ती व्यवस्थित होती. तरी चित्रपट संपेपर्यंत तपासली.

नंतरच्या महिन्यात 'पिलो टॉक' दाखवायची मागणी त्यांनीच लेखी दिली.

1959 चा हा चित्रपट रंगीत आणि श्रीमंत, आणि कथेच्या मुळाशी टेलिफोनची टंचाई आहे, त्यामुळे आमच्या पिढीला लगेच आपलासा वाटला. कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसांना न्यूयॉर्कमध्ये डोरिस डे आणि रॉक हडसन यांच्यात एकच लाइन असल्याचं दुःख समजावून सांगावं लागलं नाही. ती सज्जन गृहसजावटकार, तो रंगेल गीतकार. त्यांची भेट नाही, नुसतं फोनवर भांडण. मग तो तिला प्रत्यक्ष पाहतो, आणि टेक्सासचा भोळा गडी असल्याचं सोंग करून तिच्याशी सलगी करतो. इतक्यावर थांबेल तर तो हडसन कसला! तो फोनवरून आपल्या खऱ्या आवाजात तिच्या मनात शंका सोडतो, की हा टेक्सासचा गडी बायकांत रस नसलेल्यांपैकी तर नाही? आईवेडे असतात, पाककृती विचारतात, असले ते पुरुष. आणि पुढच्या भेटीत तो भोळा गडी करंगळी वर करून पेय पितो, समोरच्या चटणीची पाककृती मागतो आणि आईची आठवण काढतो.

इथे मी माईकवर म्हणालो, "बघा, आता नायिकेला संशय येतो." हॉलमध्ये संशय कुणालाच आला नाही. आईवर जीव असलेला, चटणीची पाककृती विचारणारा, उंच, देखणा मुलगा. पडद्यावर डोरिस डेच्या चेहऱ्यावरचा रंग उडत होता आणि आमच्याकडे उपवर मुलींच्या आया पुढे सरकून बसत होत्या. एकीनं तर विचारलं, "मग अडचण काय आहे तिची?" मला सांगता आलं नाही. अमेरिकेतली खूण आमच्या घरांत गुण म्हणून जमा होती.

चित्रपट संपल्यावर सी विंगच्या त्या गृहस्थांनी माईक मागितला. रॉक हडसन स्वतः समलिंगी होता, त्यांनी सांगितलं. हॉलिवुडमध्ये अनेकांना ठाऊक होतं, प्रेक्षकांना नाही. 1955 मध्ये त्याचं लग्न झालं, एजंटच्याच सेक्रेटरीशी, आणि 1958 मध्ये मोडलं. म्हणजे 'पिलो टॉक'मध्ये आपण काय पाहिलं? एक समलिंगी नट रंगेल पुरुषाची भूमिका करतोय, तो रंगेल पुरुष भोळ्या गड्याचं सोंग करतोय, आणि त्या सोंगाबद्दल तो स्वतःच कुजबुजतोय की हा समलिंगी असावा. जे खरं होतं ते त्याला जाहीरपणे बोलायची मुभा फक्त इथेच, थट्टा म्हणून. पटकथेला ऑस्कर मिळालं. 1985 च्या जुलैमध्ये त्याला एड्स असल्याचं जाहीर झालं. त्याच महिन्यात डोरिस डेच्या नव्या कार्यक्रमासाठी तो तिच्याशेजारी उभा राहिला तेव्हा ओळखू येत नव्हता. 2 ऑक्टोबरला तो गेला, एकोणसाठाव्या वर्षी. एवढं सांगून त्यांनी माईक बंद करून माझ्या हातात दिला. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी खुर्च्या कुणी उचलायच्या ते सांगितलं.

शेवटचा 'सम लाइक इट हॉट'. हाही 1959 चाच, आणि या वेळी मी सूचनेत 'पूर्णपणे कौटुंबिक' लिहिलं नाही. बिली वायल्डरनं हा शिक्का न घेताच प्रदर्शित केला आणि तो धो धो चालला. ब्रीन तेव्हा निवृत्त झाले होते, पण त्यांचं कलम त्यानंतरच मोडकळीला आलं. गुंडांपासून पळणारे दोन वादक बायकांच्या बँडमध्ये साड्या... चुकलो, झगे घालून लपतात. सभासद सुरुवातीपासून 'अशी ही बनवाबनवी'च्या खुणा शोधत होते, कुणाला लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती आठवली, कुणाला विजय चव्हाणांची मावशी. आजींना अत्रेंची 'मोरूची मावशी' मूळ कुठल्या नाटकावरून आली ते ठाऊक होतं. 1892 चं इंग्रजी 'चार्लीज आन्ट', आणि त्याचा एक हॉलिवुडपट 1941 चा, हे मी मोठ्या ऐटीत जोडलं.

जॅक लेमन एका म्हाताऱ्या लक्षाधीशाबरोबर रात्रभर टँगो नाचून येतो आणि पलंगावर पडून सांगतो की माझं लग्न ठरलं. वायल्डरनं त्या प्रसंगात लेमनच्या हातात माराका दिले, प्रत्येक वाक्यानंतर ते वाजवायचे, म्हणजे प्रेक्षकांचं हसू ओसरायला वेळ मिळतो आणि पुढचं वाक्य बुडत नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझं भाषांतर वेळेत पूर्ण झालं. मित्र विचारतो, पुरुषानं पुरुषाशी लग्न कशासाठी करायचं? लेमन अगदी गंभीरपणे सुरक्षिततेचं कारण देतो. आणि शेवटी मोटरबोटीत तो टोप काढून फेकतो, आपण पुरुष असल्याचं ओरडून सांगतो, आणि म्हातारा जो ई. ब्राउन जरासुद्धा विचलित न होता म्हणतो की दोष कुणात नसतात? बोट तशीच पुढे जाते.

अध्यक्ष खूप हसले. मग त्यांना वाटलं की हसायला नको होतं. "पण त्यांचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं.

उत्तर आजींनी दिलं. "आपल्याकडे शेवटी टोप उतरले की सगळे पुरुष आपापल्या मुलीशेजारी जाऊन उभे राहतात. मावशीत तसंच, बनवाबनवीत तसंच. या माणसानं दोघांना तसं उभं केलं नाही. सोडून दिलं बोटीत." मी पुस्तक वाचून जे सांगू शकलो नसतो ते एवढंच होतं.

बैठकीच्या इतिवृत्तात मी या वेळी चित्रपटाचं नाव, साल, दिग्दर्शक आणि 'दोन पुरुषांच्या विवाहाच्या प्रसंगावर चर्चा' असं स्पष्ट लिहिलं. खजिनदारांनी सही केली. सचिवांनी केली. अध्यक्षांनी 'विवाहाच्या' हा शब्द खोडून 'विवाहविषयक' केला आणि मग केली.

हे चित्रपट घरी बघायचे असतील तर खुशाल सहकुटुंब बघा. 'टॉप हॅट'मध्ये नाच सुरू झाला की वाटल्यास चहा टाकून या, पण हॉर्टन आणि ब्लोअर एका खोलीत आले की जागेवर असा. 'पिलो टॉक' दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त हडसनकडे. सबटायटल्स लावा. दुभाषी ठेवू नका.